मुलांचे पेरिटोनियल डायलिसिस : पटलाचे आयुष्य आणि मुलाची वाढ

मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलाला जगवण्यासाठी त्याच्याच पोटातले एक पटल गाळणी म्हणून वापरता येते. या पाठात आपण आधी ही पद्धत थोडक्यात पाहू आणि मग मुख्य प्रश्नाकडे वळू : ही गाळणी वर्षानुवर्षे वापरली, तर तिचे काय होते आणि मुलाचे काय होते? विसरण आणि परासरण या दोन क्रिया माहीत असल्या तरी हा पाठ समजण्यास अडचण येणार नाही.

१. हा प्रश्न कुठे उभा राहतो?

चंदीगडच्या सेक्टर १२ मध्ये पंजाब इंजिनीअरिंग कॉलेज आहे आणि त्याच सेक्टरमध्ये १९६२ साली स्थापन झालेली पीजीआय ही वैद्यकीय संस्थाही आहे. भारतात मूत्रपिंडविकारशास्त्र ही स्वतंत्र शाखा रुजवणारे डॉ. किरपाल सिंग चुघ याच संस्थेतले. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीर येथून रुग्ण इथे येतात.

आता हिमाचलमधल्या मंडी भागातले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. चंदीगड तिथून सुमारे २०० किलोमीटर. यंत्रावरचे रक्त-डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास करावे लागते. जिल्हा रुग्णालयात प्रौढांसाठी सोय असली, तरी १०-१२ किलोच्या मुलाच्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त बाहेर काढून परत आत सोडणे हे अधिक कौशल्याचे काम आहे. आठवड्यातून तीनदा घाट उतरायचा, तर आईवडिलांची मजुरी बुडते आणि मुलाची शाळाही. पेरिटोनियल डायलिसिस मात्र घरी करता येते. म्हणून २०१६ मध्ये रक्त-डायलिसिसपासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ मध्ये या पद्धतीसाठीही मार्गदर्शक सूचना काढण्यात आल्या.

२. पद्धत कशी चालते?

पोटाच्या पोकळीला आतून अस्तरासारखे पातळ आवरण असते. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्याच्या खाली बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून ग्लुकोजयुक्त द्रव आत सोडतात. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम हे पदार्थ विसरणाने रक्तातून द्रवात येतात. ग्लुकोजमुळे द्रवाचा परासरण दाब रक्तापेक्षा जास्त असतो, म्हणून जादा पाणीही ओढले जाते. काही तासांनी द्रव काढून नवा भरतात. हे दिवसातून ४-५ वेळा हाताने करता येते किंवा रात्री झोपेत सायकलर नावाचे यंत्र करते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७६ मध्ये दिवसभर सतत चालणाऱ्या या पद्धतीची कल्पना मांडणाऱ्या दोघांपैकी जॅक मॉनक्रीफ हे डॉक्टर होते, तर रॉबर्ट पोपोविच हे टेक्सासमधले रासायनिक अभियंते. वस्तुमान-स्थानांतरणाचे जे गणित आपण वर्गात शिकतो, तेच त्यांनी माणसाच्या पोटाला लावले.

मुलांमध्ये द्रवाचे प्रमाण वजनावर न ठरवता शरीराच्या पृष्ठफळावर ठरवतात. कारण पेरिटोनियमचे क्षेत्रफळ वजनापेक्षा पृष्ठफळाच्या प्रमाणात असते. दोन वर्षांवरील मुलांसाठी रात्रीचे सर्वसाधारण प्रमाण दर चौरस मीटरला ११०० ते १४०० मि.ली. असते; तान्ह्या बाळांसाठी ते बरेच कमी ठेवतात.

३. साखरेचा हिशेब

समजा, मुलाचे वजन २० किलो आणि पृष्ठफळ ०.८ चौरस मीटर आहे. दर चौरस मीटरला ११०० मि.ली. धरले, तर एका वेळचा द्रव ८८० मि.ली. होतो. रात्रीत ५ फेऱ्या झाल्या तर ४.४ लिटर. सर्वांत सौम्य द्रवाच्या पिशवीवर १.५ टक्के डेक्स्ट्रोज असे लिहिलेले असते. त्यात प्रत्यक्ष ग्लुकोज लिटरला १३.६ ग्रॅम.

रोजचे ग्लुकोज : ४.४ × १३.६ = सुमारे ६० ग्रॅम
वर्षाचे ग्लुकोज : ६० × ३६५ = सुमारे २२ किलो

म्हणजे एका वर्षात मुलाच्या स्वतःच्या वजनाहून जास्त ग्लुकोज त्या पातळ पटलाच्या संपर्कात येते, तेही सर्वांत सौम्य द्रव वापरून. जे ग्लुकोज पाणी ओढण्याचे काम करते, तेच हळूहळू पटल झिजवते. या पद्धतीच्या दीर्घकालीन परिणामांचे मूळ इथे आहे.

४. पटलात होणारे बदल

ग्लुकोजच्या सततच्या संपर्काने पेरिटोनियमच्या वरच्या पेशींचा थर विरळ होतो, खाली तंतुमय ऊती जमते आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. रक्तवाहिन्या वाढणे चांगलेच, असे तुम्हाला वाटेल. पण वाहिन्या वाढल्या की ग्लुकोजही पटापट रक्तात शोषले जाते, दाबातला फरक लवकर संपतो आणि पाणी ओढले जात नाही. मग जास्त तीव्र द्रव वापरावा लागतो, त्याने पटल आणखी बिघडते. हे दुष्टचक्र आहे.

द्रव निर्जंतुक करताना उष्णतेने ग्लुकोजचे काही अंशी विघटन होते आणि तयार होणारे पदार्थ पेशींना घातक असतात. ग्लुकोज आम्लधर्मी द्रावणात तापवले तर विघटन कमी होते, म्हणून जुने द्रव आम्लधर्मी असत. आता दोन कप्प्यांच्या पिशव्या मिळतात : ग्लुकोज एका कप्प्यात, क्षारके दुसऱ्यात, आणि वापरण्यापूर्वी दोन्ही मिसळायचे. त्यामुळे उदासीन आणि कमी घातक द्रव मिळतो. तरीही हायडलबर्गच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे सुधारित द्रव वापरणाऱ्या मुलांच्या पेरिटोनियममध्येही रक्तवाहिन्यांची वाढ लवकरच सुरू झालेली दिसली. पिशवी सुधारली, पण आत ग्लुकोज आहेच.

सर्वांत गंभीर पण विरळ परिणाम म्हणजे आतड्यांभोवती जाड तंतुमय आवरण तयार होऊन ती आवळली जाणे. युरोपातील बालकेंद्रांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. डायलिसिसची वर्षे वाढतात तसा हा धोका वाढतो.

पटलाला दुसरा मोठा मार जंतुसंसर्गाचा. नळी जोडताना हात अस्वच्छ असले की जंतू पोटात जातात आणि पेरिटोनायटिस होतो. बाहेर काढलेला द्रव गढूळ दिसणे, पोट दुखणे, ताप येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी त्याच दिवशी केंद्राशी संपर्क साधावा. वारंवार संसर्ग झाल्यास पटल निकामी होऊ शकते. पोटातल्या दाबामुळे लहान मुलांत हर्नियाही होतो. तो शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येतो.

५. मुलावर होणारे परिणाम

इथे एक भेद नीट करायला हवा. काही परिणाम उपचाराचे असतात, तर काही मूत्रपिंडविकाराचेच असतात आणि डायलिसिस ते फक्त अंशतः रोखते.

उपचाराचे परिणाम : बाहेर पडणाऱ्या द्रवातून रोज प्रथिने जातात आणि वजनाच्या मानाने हे नुकसान तान्ह्या बाळांत सर्वांत जास्त असते. शोषलेल्या ग्लुकोजमुळे उष्मांक मिळतात, भूक मंदावते, रक्तातली चरबी वाढते. मूल गुटगुटीत दिसते, पण प्रथिने कमी पडलेली असू शकतात.

आजाराचे परिणाम : उंची खुंटते, कारण रक्तातली आम्लता वाढते, हाडांची घडण बिघडते आणि वाढीच्या संप्रेरकाला शरीर नीट दाद देत नाही. फॉस्फरस डायलिसिसने पुरेसा निघत नाही. तो साठला की हाडे कमकुवत होतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम जमते. जादा पाणी आणि रक्तदाब यांमुळे हृदयाची भिंत जाड होते. या मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत हृदयविकार आणि संसर्ग येतात. पहिल्या दोन वर्षांत पोषण कमी पडले तर उंची आणि मेंदूची वाढ या दोन्हींचे नुकसान नंतर भरून काढणे कठीण जाते. म्हणून भूक नसलेल्या बाळाला गरज पडल्यास नळीने अन्न देतात.

६. पटल जपायचे कसे?

पटलाकडे मर्यादित साठ्यासारखे पाहा. खर्च थांबवता येत नाही, पण कमी करता येतो.

• उरलेली लघवी जपणे : जन्मजात दोषांमुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेक मुलांना बराच काळ लघवी होत राहते. लघवीतून जेवढे पाणी जाते, तेवढे ग्लुकोजने ओढावे लागत नाही. त्यामुळे मूत्रपिंडांना अपायकारक वेदनाशामके स्वतःहून देऊ नयेत.
• मीठ आणि पाणी : लघवी न होणाऱ्या मुलाला दोन्ही मोजून द्यावे लागते. भरपूर लघवी होणाऱ्या मुलाच्या शरीरातून मात्र मीठ वाहून जाते. त्याला उलट मीठ द्यावे लागू शकते. शेजाऱ्याच्या मुलाचे पथ्य आपल्या मुलाला लावू नये.
• काम होईल तेवढाच सौम्य द्रव वापरणे आणि ४ तासांच्या समतोल चाचणीने पटलाचा वेग वेळोवेळी तपासणे.
• जोडणीआधी हात धुणे, मास्क लावणे, पंखा बंद ठेवणे.
• प्रत्यारोपणाची तयारी पहिल्या दिवसापासून करणे.

यांपैकी शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. डायलिसिस मुलाला प्रत्यारोपणापर्यंत नेते, ते त्याला आयुष्यभर पुरणार नाही. आई किंवा वडील मूत्रपिंड देऊ शकतात का, हे आधीच तपासायला हवे. मरणोत्तर अवयवदानाची उत्तर विभागाची प्रादेशिक संस्था, रोटो, पीजीआयमध्येच आहे. घरी डायलिसिस नीट चालले आहे म्हणून प्रत्यारोपण पुढे ढकलत राहिले, तर त्या काळात पटलही झिजते आणि वाढीची वर्षेही निघून जातात. ती परत मिळत नाहीत.

तरी या परिणामांच्या भीतीने उपचार नाकारणे हा पर्याय नाही. उपचाराविना मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेले मूल जगत नाही.

स्वाध्याय

१. वरील मुलासाठी २.५ टक्के डेक्स्ट्रोजचा द्रव (ग्लुकोज लिटरला २२.७ ग्रॅम) रोज वापरला, तर वर्षाचे ग्लुकोज किती? (उत्तर : सुमारे ३६.५ किलो)
२. रक्तवाहिन्या वाढल्यावर युरिया लवकर निघतो, पण पाणी कमी निघते. असे का, ते विसरण आणि परासरण यांच्या आधारे स्पष्ट करा.
३. कारखान्यातले पटल खराब झाले की आपण बदलतो. जे पटल बदलता येत नाही, त्याच्या वापराचे नियोजन तुम्ही कोणत्या तीन तत्त्वांवर कराल?