छिद्रं असलेला थर वाईटच का?

पुलाच्या गर्डरवर मेटलायझिंग केलं, म्हणजे वितळलेल्या जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा फवारा मारला, की पोलादावर धातूचा अखंड पत्रा चढतो, अशी समजूत सर्रास आढळते. थर आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ती टिकत नाही. आर्क गनमध्ये दोन तारांच्या टोकांशी धातू वितळतो, दाबाची हवा त्याचे बारीक थेंब उडवते आणि पोलादावर आपटताच प्रत्येक थेंब भिंतीवर थापलेल्या गोवरीसारखा चपटा होऊन तिथेच थिजतो. अशा चकत्यांवर चकत्या बसत जातात. मधे ऑक्साइडच्या काळसर रेघा आणि फटी उरतात.

वितळलेलं जस्त पोलादात मुरतं, हेही खरं नाही. गॅल्व्हनायझिंगमध्ये वस्तू सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या जस्तात बुडते, म्हणून तिथे लोखंड आणि जस्ताच्या मिश्रधातूचे थर तयार होतात. फवाऱ्यात पोलाद फारसं तापतच नाही. पकड मुख्यतः ब्लास्टिंगने, म्हणजे आधी कठीण कणांचा मारा करून, आणलेल्या खडबडीतपणाची असते. त्यामुळे ब्लास्टिंगमध्ये केलेली कंजुषी थर कितीही जाड केला तरी भरून निघत नाही.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज छिद्रांचा. छिद्र दिसलं की थर नापास! पण जस्त पोलादाच्या आधी स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. शिवाय त्याच्या गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो फटींत साचून पाण्याची वाट बुजवतो. वर सीलर मारला तर आणखी बरं. स्टेनलेस स्टीलच्या फवाऱ्याचं मात्र उलट आहे. तिथे आरपार छिद्रातून खारं पाणी आत गेलं, तर गंजतं ते खालचं साधं पोलाद, आणि तेही झपाट्याने. म्हणून छिद्रांची टक्केवारी विचारण्याआधी थर कोणत्या धातूचा आहे आणि छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का, हे विचारायला हवं.

सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या थराच्या फोटोवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. जस्त मऊ, पॉलिश करताना ते पसरून खरी छिद्रं झाकतं, तर कधी कण उखडून नसलेली छिद्रं तयार होतात. म्हणून नमुना घासण्याआधी निर्वातात त्यात रंग मिसळलेलं इपॉक्सी मुरवतात. ज्या पोकळीत रंग दिसतो, ती थरात आधीपासून होती. रिकामी काळी पोकळी दिसली, तर ती पॉलिश करताना पडली असण्याचीच शंका आधी घ्यावी.