प्रयोगशाळेतील उंदरांचे घर



उंदीर म्हटला की आपल्याला आधी गणपतीबाप्पाचे वाहन आठवते आणि लगेच कुरतडलेले धान्याचे पोतेही आठवते. या लेखातील उंदीर मात्र निराळे आहेत. ते पांढरेशुभ्र असतात, त्यांचे डोळे लाल असतात आणि त्यांचा जन्म व मृत्यू दोन्ही प्रयोगशाळेतच होतात. घरातल्या औषधांच्या कपाटाकडे पाहा. त्यातील बहुतेक औषधे माणसाला देण्यापूर्वी अशा प्राण्यांना देऊन तपासलेली आहेत.

आपल्या हैदराबादचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत प्रयोगांसाठी उंदरांची पैदास अनेक वर्षे होत आली आहे. शहराभोवती औषधनिर्मितीचे मोठे कारखाने आणि संशोधन केंद्रे आहेत. आपल्या शाळेतील मुले पुढे फार्मसीला किंवा जीवतंत्रज्ञानाला जातात, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या हाती हा प्राणी येतो. म्हणून त्याच्या घराविषयी आताच जाणून घेणे बरे.

लहान उंदीर म्हणजे माऊस. त्याचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम असते. मोठा उंदीर म्हणजे रॅट. तो तीनशे ते पाचशे ग्रॅमपर्यंत भरतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत १९०६ पासून वाढवलेल्या रॅटच्या जातीला त्या संस्थेचेच नाव मिळाले. ‘विस्टार’ उंदीर आज जगभर वापरले जातात.

पिंजरा किती मोठा?

आपल्या देशातील मार्गदर्शक नियमांप्रमाणे २५ ग्रॅमपेक्षा जड अशा एका माऊसला सुमारे ९७ चौरस सेंटीमीटर जागा मिळाली पाहिजे. वहीच्या कागदावर १० सेंटीमीटर बाजूचा चौकोन काढा, म्हणजे अंदाज येईल. एवढीच त्याची हक्काची जमीन! पाचशे ग्रॅमच्या रॅटला सुमारे ३८७ चौरस सेंटीमीटर, म्हणजे वीस सेंटीमीटर बाजूच्या चौकोनाहून किंचित कमी जागा मिळते. हे किमान माप आहे. याहून कमी देता येत नाही, जास्त द्यायला कोणाची हरकत नाही.

जागेइतकेच महत्त्व जमिनीला असते. तळाला तारेची जाळी असली तर घाण खाली पडते आणि माणसाचे काम सोपे होते. पण जाळीवर राहून उंदरांच्या पायांना जखमा होतात. निवड करू दिली तर विश्रांतीसाठी ते सपाट तळच पसंत करतात. म्हणून सपाट तळावर स्वच्छ भुसा अंथरणे चांगले. भुसा वेळच्या वेळी बदलला नाही, तर लघवीपासून अमोनिया तयार होतो आणि त्यांच्या नाकाला व फुप्फुसांना त्रास होतो.

ऊब, उजेड आणि आवाज

आपल्याला २२ अंश सेल्सिअसची खोली सुखद वाटते. माऊसला मात्र सुमारे ३० अंश तापमान मानवते. त्याचे शरीर इवलेसे असल्यामुळे उष्णता चटकन निघून जाते. थंड खोलीत त्याची बरीच शक्ती अंग गरम ठेवण्यातच खर्च होते. २०१३ साली अमेरिकेतील बफेलो येथील कर्करोग संशोधकांनी असे दाखवले, की ३० अंशांत ठेवलेल्या उंदरांच्या शरीरातील गाठी २२ अंशांत ठेवलेल्यांपेक्षा हळू वाढल्या. रोग एकच, प्राणी एकाच जातीचे, फरक फक्त खोलीच्या उबेचा! यावर सोपा उपाय म्हणजे पिंजऱ्यात मऊ कागदाचे तुकडे टाकणे. माऊस ते कुरतडून गोल घरटे बांधतो आणि आपली ऊब आपणच राखतो.

पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसते. प्रखर उजेडाने त्यांच्या दृष्टिपटलाला इजा होते. त्यामुळे दिवा मंद हवा. बारा तास उजेड व बारा तास अंधार हा क्रमही पाळावा लागतो, कारण हे प्राणी रात्री जागणारे आहेत.

आवाजाचेही तसेच. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, उंदरांना त्याच्या कितीतरी वरचे. एखाद्या यंत्राचा जो आवाज आपल्या कानाला लागतही नाही, तो त्यांना दिवसभर छळू शकतो.

सोबत आणि उद्योग

उंदीर हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवलेला रॅट उदास होतो. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात मार्क रोझेनझ्वाइग व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रॅट सोबत्यांसह, खेळण्याच्या वस्तू असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात वाढवले आणि काही रिकाम्या पिंजऱ्यात एकेकटे ठेवले. पहिल्या गटाच्या मेंदूचा बाह्य थर अधिक जाड आढळला. म्हणजे घर कसे आहे याची नोंद थेट मेंदूत होते. (हे वाचून पालकांच्या मनात आपल्या मुलांच्या खोलीचा विचार आला, तर तो वावगा नाही!)

कसे उचलावे?

माऊसला शेपटीने उचलण्याची पद्धत जुनी आहे. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट यांनी दाखवले, की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला घाबरू लागतात. नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर शांत राहतात. नळीला लागणारा खर्च तो काय!

घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तातील संप्रेरके बदलतात, हृदयाचे ठोके वाढतात. अशा प्राण्यावर औषधाचा परिणाम मोजला, तर आपण औषध मोजतो की भीती मोजतो? चांगले घर देणे ही दया आहेच. शिवाय चुकीच्या घरातून चुकीचे उत्तर निघते आणि त्याची किंमत पुढे रुग्णाला मोजावी लागते.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० साली झाला. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती याच कायद्याने आली. १९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी करावी लागते आणि आपली नीतिसमिती नेमावी लागते. या समितीत शास्त्रज्ञ व पशुवैद्य असतातच. त्यांच्याबरोबर शास्त्रज्ञ नसलेली, सामाजिक जाणीव असलेली एक व्यक्तीही असावी लागते. आपल्या पालकांपैकी किंवा विश्वस्तांपैकी कोणाला असे बोलावणे आले, तर ते नाकारू नये. “हे खरोखर आवश्यक आहे का?” असा साधा प्रश्न बाहेरचा माणूसच निर्भयपणे विचारू शकतो.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी शिकवण्याचे काम भागत असेल, तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. केवळ हात बसावा म्हणून प्राण्यावर प्रयोग करू नयेत.

१९५९ साली विल्यम रसेल व रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्यांच्या वेदना कमी करा. आज पेशींचे संवर्धन व संगणक यांमुळे पहिले सूत्र अधिकाधिक शक्य होत आहे. भारताने २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत बदल करून अशा पर्यायी पद्धतींना वाट करून दिली आहे.

चांगल्या पिंजऱ्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. कितीही सोयींचा असला तरी तो पिंजराच असतो, आणि आत राहणाऱ्याने तो निवडलेला नसतो. म्हणून जोवर त्याची गरज आहे, तोवर त्याला ऊब, सोबत, अंधारा कोपरा आणि सौम्य हात देणे हे आपल्यावरचे ऋण आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी पांढरे उंदीर, हॅमस्टर किंवा ससे असतील. आज घरी गेल्यावर त्यांचा पिंजरा मोजून पाहा. तळाला जाळी आहे का? लपायला जागा आहे का? दिवा कोठे आहे? टीव्ही किती जवळ आहे? या चार प्रश्नांची उत्तरे लिहून विज्ञानाच्या तासाला घेऊन या. त्यावर वर्गात चर्चा करू.