उरलेला स्पेअर पार्ट



गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने वर्कशॉपमध्ये जुना गिअरबॉक्स खोलून परत जोडला. एक सर्क्लिप उरली. ‘स्पेअर असेल,’ मी ठणकावून सांगितलं आणि रिपोर्टमध्येही तसंच लिहिलं. शाफ्ट फिरवला तर गिअर सरकून बाजूला! सर नुसते बघत राहिले.

नंतर ॲनोमॅलोकॅरिसबद्दल वाचलं आणि जरा धीर आला. हा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला शिकारी, आजच्या खेकडे-कोळंबीच्या, म्हणजे संधिपाद प्राण्यांच्या घराण्यातला. १८९२ मध्ये कॅनडात व्हाइटीव्ह्‌ज यांनी एका वाकड्या, काटेरी जीवाश्माचं वर्णन केलं. त्यांना ते कोळंबीचं धड वाटलं, म्हणून नाव ठेवलं ‘विचित्र कोळंबी’. डोकं मात्र कधी सापडेना! १९११ मध्ये वॉलकॉट यांनी अननसाच्या चकतीसारखा एक जीवाश्म जेलीफिश ठरवला, आणि एक चपटं धड समुद्रकाकडी.

१९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी सगळा उलगडा छापला. दगडाचे थर अलगद कोरल्यावर दिसलं, की ‘कोळंबी’ म्हणजे तोंडापुढचा पकडायचा अवयव आणि ‘जेलीफिश’ म्हणजे तोंड! पुढे २०१२ मध्ये कळलं, की ती चकती त्याच्या भाऊबंदाची, पेयटोइयाची. ॲनोमॅलोकॅरिसचं तोंड थोडं वेगळं होतं. म्हणजे असेंब्ली पुन्हा खोलावी लागली.

आकार कळला, पण तो जगायचा कसा? २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याच्या जवळच्या जातीचे डोळे सापडले, एकेका डोळ्यात किमान १६,००० भिंगं! म्हणजे नजर तीक्ष्ण, उजेडातली शिकार. कठीण कवचाचे ट्रायलोबाइट तो फोडून खायचा, असं अनेकजण धरून चालले होते. २०२३ मध्ये बिकनेल आणि सहकाऱ्यांनी त्या अवयवाचं कॉम्प्युटर मॉडेल करून फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस लावलं. आपण कनेक्टिंग रॉडला लावतो तेच! निष्कर्ष असा, की कवच पकडताना अवयवालाच इजा झाली असती. तेव्हा तो बहुधा पाण्यात झपकन पोहत मऊ प्राणी पकडत असावा.

मला यात एकच गोष्ट भावली. या लोकांनी आधीचं उत्तर खोडलं, तेही छापून, सगळ्यांसमोर. मग मीही रिपोर्टमधला ‘स्पेअर’ हा शब्द खोडला आणि सरांना दाखवायला गेले. मार्क कापले गेलेच, पण सर्क्लिप कुठे बसते ते आता झोपेतही सांगेन!

– टी.ई. मेकॅनिकल