पाळीच्या मधल्या दिवसांत ओटीपोटात कळ येते, म्हणजे बाळासाठी तोच योग्य दिवस असतो का?

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं की प्रश्न सुरू होतात. हळदीकुंकवाला, बारशाला, कुणाच्या लग्नात, एवढंच काय तर जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकूंकडूनही. "काय मग, गोड बातमी कधी?"

नाशिकमध्ये सिडको असो, सातपूर असो की नाशिकरोड, अशा प्रश्नांना हसून उत्तर देणाऱ्या अनेक जणी घरी गेल्यावर मोबाइलमधलं पाळीचं ॲप उघडून दिवस मोजत असतात. आणि दिवस मोजताना काहींच्या एक गोष्ट लक्षात येते. पाळी संपून आठवडाभर होतो आणि ओटीपोटाच्या एका बाजूला अचानक कळ येते. कधी चमक मारते, कधी दिवसभर जड-जड वाटतं. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक.

यावरून साधारण दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला, आत काहीतरी बिघडलंय, म्हणूनच दिवस राहत नाहीत. दुसरा, स्त्रीबीज सुटलं, आजचाच दिवस कामाचा. यातला पहिला बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुसरा अर्धा बरोबर असतो, पण त्याच्या भरवशावर राहिलं तर दर महिन्याला चांगले दिवस हातचे जाऊ शकतात.

ही कळ नेमकी कशाची?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजांडकोश असतो. दर महिन्याला त्यातल्या एकात पाण्याने भरलेली एक छोटी पिशवी वाढते. तिला फॉलिकल म्हणतात. स्त्रीबीज तिच्या आत असतं. साधारण दोन सेंटिमीटरची झाली की ही पिशवी फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात.

पिशवी वाढताना बीजांडकोशाचं आवरण ताणलं जातं. ती फुटल्यावर आतला द्रव आणि कधी थोडंसं रक्त पोटातल्या नाजूक पडद्याला लागतं. या दोन्हींमुळे दुखू शकतं. वैद्यकशास्त्रात या दुखण्याला 'मिटेलश्मेर्झ' असं जर्मन नाव आहे. त्याचा अर्थ इतकाच, मधल्या काळातलं दुखणं.

हे दुखणं साधारणपणे ज्या बाजूचं बीज तयार झालं त्या बाजूला जाणवतं. या महिन्यात डावीकडे तर पुढच्या महिन्यात उजवीकडेच, असा मात्र नियम नाही. ते काही मिनिटांत थांबतं किंवा एक-दोन दिवस रेंगाळतं. काहींना त्या वेळी एखादा रक्ताचा डागही दिसतो.

अनेक जणींना अशी कळ कधीच येत नाही आणि तरीही त्यांचं बीज वेळेवर सुटत असतं. म्हणजे कळ न येणं हा दोष नाही आणि साधी कळ येणं हा आजार नाही. या कळेमुळे दिवस राहण्याची शक्यता कमी होत नाही.

मग कळ आली की प्रयत्न करायचे का?

गोंधळ इथेच होतो. बीज सुटल्यानंतर ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून शुक्राणूंनी आधी पोहोचून बिजाची वाट पाहणं जास्त फायद्याचं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांचा अभ्यास झाला होता. त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भधारणा फक्त सहा दिवसांतल्या संबंधांमुळे होत असल्याचं त्यात दिसलं. बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि बीज सुटण्याचा दिवस, असे ते सहा दिवस. त्यानंतर संधी झपाट्याने संपते.

आता कळेकडे पाहू. ती काहींना बीज सुटण्याआधी येते, काहींना सुटताना, तर काहींना नंतर. एकाच स्त्रीला दोन महिन्यांत वेगवेगळ्या वेळीही येऊ शकते. त्यामुळे कळ आली त्या दिवशी प्रयत्न जरूर करावेत, पण कळेची वाट पाहत बसू नये. ती येईपर्यंत सहातले चार-पाच दिवस उलटून गेलेले असू शकतात.

एक उदाहरण

समजा, एखाद्या स्त्रीची पाळी दर ३२ दिवसांनी येते. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. म्हणजे तिचा दिवस चौदावा नाही, तर अठरावा. पाळी आली तो पहिला दिवस धरला तर तिच्यासाठी महत्त्वाचे दिवस तेरावा ते अठरावा.

आता तिचा नवरा अंबडच्या किंवा सिन्नरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो असं धरू. त्याची रात्रपाळी तेराव्या दिवसापासून सुरू झाली. "कळ आली की बघू" म्हणून दोघं थांबले. कळ अठराव्या दिवशी दुपारी आली आणि तो रात्री कामावर गेला. तो महिना संपला. दोघांच्याही शरीरात काही दोष नव्हता. चूक फक्त हिशेबात होती.

म्हणून एकाच दिवसाचा ताण घेण्यापेक्षा पाळी संपल्यानंतर दर एक-दोन दिवसांनी संबंध ठेवणं सोपं आणि परिणामकारक ठरतं. शुक्राणू 'राखून' ठेवण्यासाठी आठ-दहा दिवस दूर राहायची गरज नाही. फार मोठा खंड पडला तर उलट त्यांची हालचाल मंदावू शकते.

कळेपेक्षा भरवशाच्या खुणा

पहिली खूण घरातच कळते. बीज सुटण्याआधीच्या दिवसांत अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, चिकट आणि बोटांमध्ये ताणला जाणारा होतो. तो दिसू लागला की महत्त्वाचे दिवस सुरू झाले असं समजावं.

दुसरी खूण मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटमधून कळते. बीज सुटण्याच्या साधारण २४ ते ३६ तास आधी 'एलएच' हे हार्मोन एकदम वाढतं. लघवीच्या तपासणीत ही पट्टी तेच दाखवते. पीसीओएस असेल तर मात्र पट्टी फसवू शकते, कारण काहींच्या शरीरात हे हार्मोन एरवीही वाढलेलं असतं.

बिजाची वेळ ओळखण्यासाठी लघवीतल्या हार्मोनचा आधार टेस्ट ट्यूब बेबीच्या सुरुवातीच्या काळातही घेतला गेला होता. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या वेळी डॉक्टरांनी याच हार्मोनवर लक्ष ठेवून बीज काढण्याची वेळ ठरवली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडाचा जन्म झाला आणि हे तंत्र महाराष्ट्रातल्या घराघरांत चर्चेचा विषय झालं.

तिसरा मार्ग सोनोग्राफीचा. फॉलिकल किती वाढलं आणि फुटलं का, हे डॉक्टर ठरावीक दिवसांनी तपासतात. पाळी अनियमित असेल तर याचा उपयोग होतो.

सकाळी उठल्याबरोबर घेतलेलं तापमान बीज सुटल्यानंतर किंचित वाढतं. पण ते वाढलेलं दिसेपर्यंत त्या महिन्याची संधी बहुधा संपलेली असते.

दुखतंय, मग गोळी घ्यावी का?

गरम पाण्याची पिशवी आणि थोडी विश्रांती बऱ्याचदा पुरते. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय.

घरात पाळीच्या दुखण्यासाठी ठेवलेली गोळी मात्र सरसकट घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं ज्या प्रक्रियेवर काम करतात, तीच प्रक्रिया फॉलिकल फुटण्यासाठीही लागते. नेमक्या त्या दिवसांत ती वारंवार घेतली तर बीज सुटायला उशीर होऊ शकतो किंवा त्या महिन्यात ते सुटतही नाही. गोळ्या थांबवल्या की हा परिणाम जातो. तरी बाळासाठी प्रयत्न सुरू असल्याचं डॉक्टरांना सांगूनच गोळी घ्यावी. ज्यांना संधिवातासारख्या आजारासाठी ही औषधं दिली आहेत, त्यांनी ती स्वतःहून बंद करू नयेत.

कोणतं दुखणं अंगावर काढू नये?

"बायकांना दुखतंच" हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. त्यामुळे साधं दुखणं आणि आजाराचं दुखणं यांतला फरक कळायला वर्षं जातात.

दुखणं दोन दिवसांपेक्षा जास्त राहतं, दर महिन्याला वाढत जातं, पाळीत असह्य होतं किंवा संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं, तर एंडोमेट्रिओसिसची शक्यता तपासायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के मुली आणि स्त्रियांना हा आजार असतो. "आजचा दिवस चुकवायचा नाही" म्हणून दात-ओठ खाऊन संबंध सहन करणारी स्त्री हे दुखणं डॉक्टरांनाही सांगत नाही. प्रत्यक्षात निदानाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची माहिती असते.

ताप, दुर्गंधी येणारा स्राव आणि ओटीपोटात दुखणं एकत्र असेल तर संसर्ग असू शकतो. भारतात गर्भनलिकांचा क्षयरोग हेही वंध्यत्वाचं एक कारण आहे आणि त्यात खोकला असतोच असं नाही.

काही वेळा थांबायचंच नसतं. अचानक एका बाजूला तीव्र कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर बीजांडकोशाला पीळ पडलेला असू शकतो. बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे सरकलेलं दुखणं ॲपेंडिक्सचं असू शकतं. पाळी चुकली आहे, एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय, तर गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता असते. त्यात जिवाला धोका असतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून लगेच रुग्णालय गाठावं.

डॉक्टरांकडे कधी जायचं आणि कुणी?

वय ३५ पेक्षा कमी असेल तर वर्षभर नियमित प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास, आणि ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर सहा महिन्यांनंतर तपासणी करावी. पाळी फार अनियमित असेल किंवा वर सांगितल्यासारखं दुखत असेल तर तेवढंही थांबू नये. फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र प्रयत्न सुरू करतानाच चालू करावी.

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरून मूल व्हावं म्हणून कितीतरी जोडपी त्र्यंबकेश्वरला जातात. जिल्हा रुग्णालयही याच रस्त्यावर आहे. श्रद्धा ज्याची त्याची, पण दोन्ही ठिकाणी जाण्यात काही अडचण नाही. खासगीत आयव्हीएफपर्यंत जायची वेळ आली, तर २०२१ च्या कायद्यानुसार त्या केंद्राची नोंदणी आहे का, हे आधी विचारावं.

आणि तपासणीला दोघांनी जावं. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारणही सापडतं. त्याची पहिली तपासणी अगदी साधी असते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा. ना सुई, ना भूल. तरीही अनेक घरांत बायकोच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत या एका तपासणीचं नाव निघत नाही.

जाताना तीन महिन्यांची साधी नोंद सोबत न्यावी. पाळी कधी आली, कळ कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला, किती वेळ होती, कोणती गोळी घेतली. या कळेवरून बाळासाठीचा नेमका दिवस ठरवता येत नाही. पण तारखांसकट सांगितली, तर दुखणं साधं आहे की तपासायला हवं, हे डॉक्टरांना लवकर कळतं.