दहावीचे इंग्रजी आणि घरचे आजी-आजोबा



दहावीत नातवंडे असलेल्या सभासदांकडून एक प्रश्न आम्हाला वारंवार ऐकू येतो. मूल इंग्रजी माध्यमात शिकते, घरात फडाफडा इंग्रजी बोलते, मग इंग्रजीच्याच गृहपाठाला गाईड का लागते? सीबीएसई दहावीचा हा गृहपाठ असतो कसा आणि त्यात घरच्या मोठ्यांना काय करता येईल, एवढेच इथे सांगायचे आहे. आम्ही काही शिक्षक नव्हे, हयात बँकेत गेली. पण मंडळाच्या वाचनालयात शनिवारी मुलांसोबत बसतो, त्यामुळे ही पुस्तके पानोपान वाचून झाली आहेत.

आमच्या पिढीचे इंग्रजी म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, रेन आणि मार्टिनचे व्याकरण आणि फळ्यावरून उतरवलेली उत्तरे. प्रश्नाचे उत्तर एकच असायचे आणि ते धड्यातच असायचे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने पुस्तके बदलली. दहावीला मुख्य पुस्तक ‘फर्स्ट फ्लाइट’ आणि पूरक वाचनाला ‘फूटप्रिंट्स विदाउट फीट’. बोर्डाचा पेपर 80 गुणांचा, त्यात 20 गुण न वाचलेल्या उताऱ्यांना, 20 लेखन-व्याकरणाला आणि 40 साहित्याला. उरलेले 20 शाळेकडे. पेपरातले सुमारे निम्मे प्रश्न आता समजलेले वापरून दाखवण्याचे असतात, म्हणजे पाठांतराची पुंजी तिथे वटत नाही.

पहिला धडा बघा, ‘अ लेटर टू गॉड’. लेंचो नावाच्या शेतकऱ्याचे उभे पीक गारपिटीने झोपते. तो देवाला पत्र लिहून 100 पेसो मागतो. पोस्टमास्तर आधी हसतो, मग त्या श्रद्धेने हलतो आणि स्वतःच्या पगारातून व सहकाऱ्यांकडून गोळा करून 70 पेसो पाकिटात घालतो. लेंचो पैसे मोजतो, चिडतो आणि देवाला पुन्हा लिहितो की उरलेले पोस्टातल्या लोकांनी लाटले असणार!

गोष्ट चार-पाच पानांची. पण धडा सुरू होण्याआधी एक कृती आहे, पोस्टाने पैसे पाठवण्याची. मनीऑर्डरच्या फॉर्मची माहिती आहे. आता फोनवरून क्षणात पैसे पाठवणाऱ्या मुलाला मनीऑर्डर कशी कळावी? इथे आजोबांचे काम सुरू होते. पोस्टमन दारात यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर लिहायला जागा असायची आणि गावाकडे तो मजकूर पैशांइतक्याच आतुरतेने वाचला जायचा. हे ऐकलेले मूल लेंचोचे पाकीट वेगळ्या नजरेने उघडते. धड्याच्या अधूनमधून तोंडी विचारायचे प्रश्न येतात, ते टाळून पुढे पळू देऊ नये. त्यांचा हेतूच वाचणाऱ्याला थांबवण्याचा आहे.

मग येतात शब्द. याच धड्यात वादळांची नावे आणि वर्णने जुळवायची आहेत. गेल, व्हर्लविंड, सायक्लोन, हरिकेन, टॉर्नेडो, टायफून. मुले गाईडमधून जोड्या लावून मोकळी होतात. पण हरिकेन, टायफून आणि सायक्लोन ही मुळात एकाच प्रकारच्या वादळाची नावे आहेत, समुद्र बदलला की नाव बदलते. अटलांटिकात हरिकेन, चीन-जपानच्या बाजूला टायफून, आपल्या बंगालच्या उपसागरात सायक्लोन. टॉर्नेडो हा जमिनीवरचा, सोंडेसारखा खाली उतरणारा. व्हर्लविंड म्हणजे आपली वावटळ, उन्हाळ्यात मैदानातला पालापाचोळा गरगर फिरवते ती. आणि टायफून व आपले तुफान हे शब्द एकमेकांचे नातलग मानले जातात. एवढे पाच मिनिटांत सांगून होते आणि सहाही शब्द डोक्यात राहतात. शब्द पाठ करून घेण्यापेक्षा त्याची घरच्या शब्दाशी ओळख करून द्यावी, असे आमचे ठाम मत आहे.

याहून सुंदर उदाहरण म्हणजे ल्युसिओ रॉड्रिग्ज यांचा गोव्याच्या पाववाल्यावरचा लेख. पोर्तुगीज काळातला पोदेर बांबूची काठी वाजवत दारोदार पाव आणतो, मुले धावतात, मोठ्यांना पाव आणि मुलांना कंकणाच्या आकाराचा गोड पाव. लग्नात ‘बोल’ नावाचा गोड पाव नसेल तर आहेराला अर्थ नाही. आपला ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. आमच्यासारख्याला त्यात सर्वात आवडलेला तपशील म्हणजे पोदेराचे महिन्याचे खाते भिंतीवर पेन्सिलीने मांडलेले असायचे. ना पासबुक, ना लेजर, आणि तरी महिनाअखेर बिल वसूल! ज्यांचे नातेवाईक गोव्याचे आहेत त्यांनी नातवंडांना एक फोन लावून द्यावा. सायकलवर हॉर्न वाजवत येणारा पोदेर तिथे आजही आहे, आणि पोळीपेक्षा वेगळी ‘पोई’ काय असते हे तिथला माणूसच नीट सांगेल.

तिसरा प्रकार सर्वात अवघड, आपले मत आणि आपला अनुभव लिहिण्याचा. लेंचो कसा माणूस आहे, भोळा, लोभी, कृतघ्न की डोळे मिटून विश्वास ठेवणारा? तुमच्यावर असा कठीण प्रसंग आला होता का? याचे उत्तर धड्यात नाही आणि गाईडमध्ये असूच शकत नाही. तरी गाईडमध्ये ते छापलेले असते आणि एका वर्गातली निम्मी मुले एकच ‘स्वानुभव’ लिहितात. हल्ली तर मोबाइललाही विचारतात. वहीत बरोबरची खूण मिळते, पण मूल पंधराव्या वर्षी स्वतःबद्दल चार वाक्ये न लिहिता पुढच्या वर्गात जाते. आमच्या मते खरे नुकसान इथे आहे, गुणांचे त्यामानाने किरकोळ.

गंमत म्हणजे याच पुस्तकात अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचा उतारा आहे. वर्गात फार बडबड करते म्हणून गणिताचे मास्तर तिला शिक्षा म्हणून बडबडीवरच निबंध लिहायला लावतात. एक, मग दुसरा, मग तिसरा. ती पहिल्यात लिहिते की बोलकेपणा आईकडून आला आहे, वारशाने आलेल्या गुणाला इलाज काय? तिसरा मैत्रिणीच्या मदतीने कवितेतच लिहिते. मास्तर हसतात आणि शिक्षा थांबते. त्या निबंधांत उसने काही नाही. स्वतःची खोड, आई, वर्ग, एवढ्याच भांडवलावर ते उभे आहेत. 12 जून 1942 ला तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत त्या मुलीने जे लिहिले ते आज जग वाचते.

मग मुलांना सुचत का नाही? आमच्या अनुभवाप्रमाणे सुचते, पण आधी मराठीत किंवा इकडच्या हिंदीमिश्रित मराठीत सुचते. थेट इंग्रजीत लिहायला बसवले की ती अडतात आणि गाईड उघडतात. म्हणून आधी बोलू द्यावे. लेंचोच्या प्रश्नावर एका मुलीने आम्हाला लॉकडाऊनमध्ये वडिलांचे दुकान बंद होते तेव्हा शेजारच्या काकूंनी न बोलता किराणा आणून ठेवल्याचे सांगितले. बोलून झाल्यावर तिने तेच सोप्या इंग्रजीत बारा ओळींत उतरवले. दोन ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला होता, तो शाळेत बाईंनी दुरुस्त केला. घरच्यांनी व्याकरण तपासायला बसूच नये. ते शाळेचे काम आहे आणि मधेच टोकले की मुलाचे बोलणे आटते.

ज्यांना स्वतःच्या इंग्रजीची धास्ती वाटते अशा आजींनी तर जरूर बसावे. धडा मुलाने वाचावा आणि आजीला मराठीत गोष्ट सांगावी. जिथे त्याला सांगता येत नाही, तिथे त्याला ते समजलेले नाही. यापेक्षा चांगली चाचणी आम्हाला माहीत नाही.

वाचनालयात शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा बसतो. येताना ‘फर्स्ट फ्लाइट’ आणि कोरी वही आणावी, गाईड घरी ठेवावे. पुढचा धडा मिजबिल नावाच्या पाणमांजराचा आहे, त्यामुळे धाकटी भावंडेही आली तर चालतील.