विसरलेली तबकडी परत कशी येते

१९७२ साली ब्राझीलच्या कॉन्टिनेन्ताल कंपनीने आर्थर वेरोकाय या संगीत-संयोजकाची पहिली एलपी काढली. शिक्षणाने हा सिव्हिल इंजिनिअर. सेलिया या गायिकेच्या रेकॉर्डींवर त्याने केलेलं काम कंपनीच्या पसंतीस उतरलं होतं, म्हणून या वेळी त्याला मोकळं रान मिळालं. वीस जणांचा व्हायोलिन, व्हिओला, चेलोंचा ताफा, ब्रास, इलेक्ट्रिक पियानो आणि त्याखाली फंकच्या अंगाने चालणारे ड्रम. दहा गाणी, जेमतेम अर्धा तास. रेकॉर्ड सपशेल पडली. वेरोकाय जाहिरातींच्या जिंगल्सकडे वळला. स्वतःच्या नावाची पुढची रेकॉर्ड त्याने केली ती थेट २००२मध्ये. आज त्या पहिल्या एलपीची मूळ प्रत हजारो डॉलरना विकली जाते.

अशा गोष्टी नशिबावर ढकलायची आपल्याला सवय आहे. नशीब असतंच, पण थोडं. कान लागतो तो सुरुवातीला. नंतरचं सगळं काम नाव, नंबर, टेप आणि करारपत्र यांचं.

रेकॉर्ड हरवते ती साध्या कारणांनी. थोड्या प्रती निघतात, रेडिओ वाजवत नाही, दुकानदार माल परत पाठवतो. उरलेल्या प्रती माळ्यावर, नाहीतर जुन्या सामानाच्या दुकानात. तिथे ढिगासमोर बसलेला जाणकार आधी कव्हर उलटतो. पुढच्या चित्राला फारसा अर्थ नसतो, सगळी माहिती मागे. वर्ष कोणतं? साठच्या दशकाची अखेर ते सत्तरचं दशक असेल तर कान टवकारायचे. वाद्यांत फेंडर ऱ्होड्स, मूग, कोंगा आहेत का? संयोजक कोण, ड्रमवर कोण? इव्हान लिन्सच्या रेकॉर्डवर वेरोकायचं नाव वाचलेला माणूस त्याची एलपी हातातून सोडत नाही.

मग रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धरायची. भरगच्च वाद्यवृंद असतो तिथे चर खडबडीत आणि फिकट दिसतात. बाकी सगळे थांबून नुसता ड्रम उरला, की काळसर, गुळगुळीत पट्टा येतो आणि त्यात ठोक्यागणिक बारीक खुणा. हा ‘ब्रेक’. सराव असलेला डीजे सुई न टेकवता तो दाखवतो. शेवटी लेबलला लागून असलेली मोकळी पट्टी बघायची. तिथे मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. रेकॉर्ड कोणत्या साच्यातून निघाली ते त्यावरून कळतं. तोच साचा कंपनीने पुढेही वापरला असेल तर नंबर बदलत नाही, म्हणून लेबलचा रंग आणि कंपनीचा पत्ताही सोबत ताडून बघावा लागतो.

हीच माहिती मुद्दाम लपवणारेही कमी नव्हते. जमैकात कॉक्सन डॉड आपल्या साउंड सिस्टिमवर, म्हणजे नाचासाठीच्या फिरत्या स्पीकर-ताफ्यावर, अमेरिकन रेकॉर्डी लेबल खरवडून वाजवायचा. विलिस जॅक्सनची एक धून त्याने ‘कॉक्सन हॉप’ म्हणून गाजवली आणि ती मुळात कोणाची, हे हुडकायला प्रतिस्पर्धी ड्यूक रीड झपाटल्यासारखा लागला. किंग्स्टनहून न्यूयॉर्कला गेलेल्या डीजे कूल हर्कने १९७३मध्ये ब्राँक्सच्या पार्ट्यांत ब्रेक पुन्हा पुन्हा वाजवण्याची चाल पाडली. तोही लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. कोलंबियाच्या कार्ताहेना आणि बारान्कियामध्ये चित्रं रंगवलेल्या भल्यामोठ्या स्पीकरांचे ‘पिको’ वाजतात. खलाशांनी आणलेल्या आफ्रिकी आणि हैतीच्या रेकॉर्डी तिथे अशाच बेनामी झाल्या आणि लोकांनी त्यांना आपापली नावं ठेवली. धंदा म्हणून हे समजण्यासारखं आहे. मात्र ज्यांनी गाणी केली त्यांचं नाव त्यात पुसलं गेलं, हेही खरंच.

रेकॉर्ड ओळखली, आवडली. आता ती पुन्हा छापायची तर मालक शोधा. सत्तरच्या दशकातल्या छोट्या कंपन्या मोठ्यांनी गिळल्या आहेत. कॉन्टिनेन्तालचा साठा पुढे वॉर्नरकडे गेला. करार होतो तो अशा कंपनीच्या स्थानिक कचेरीशी, आणि गाण्याच्या रचनेचे हक्क वेगळे असतात ते वेगळेच. हे टाळून चोरून छापणारेही आहेत. त्यांची रेकॉर्ड स्वस्त असते, आणि कलाकाराला त्यातून छदामही मिळत नाही.

मग मूळ टेप. ती मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी वाजेलच असंही नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या अनेक टेपांमधला चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ हवेतली ओल पितो आणि टेप पावसाळ्यातल्या पापडासारखी सादळते. ती तशीच वाजवली तर थर खरवडून यंत्राला चिकटतो. म्हणून ती ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास मंद शेकतात. मग थोडे दिवस ती वाजवता येते, आणि तेवढ्यात नक्कल उतरवून घ्यायची. टेपच नसेल तर सर्वांत स्वच्छ प्रत धुऊन तिच्यावरून उतरवायचं. संगणकाने खरखर काढता येते, पण हात जड झाला की झांजेची धारही जाते. थोडी खरखर राहिलेली बरी, असं माझं मत.

वेरोकायच्या बाबतीत कॅलिफोर्नियातल्या युबिक्विटी या रेकॉर्ड कंपनीने २००३मध्ये ही एलपी पुन्हा काढली. एमएफ डूम, लिटल ब्रदर, लुडाक्रिस या रॅप कलाकारांनी तिचे तुकडे आपल्या गाण्यांत वापरले. अमेरिकेत १९९१च्या एका निकालापासून असा तुकडा वापरण्याआधी परवानगी घेणं भाग झालं, त्यामुळे मालक नक्की कोण हे कागदावर असणं पैशांच्या दृष्टीनेही महत्त्वाचं ठरतं. २००९मध्ये वेरोकायने लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद घेऊन ही गाणी सादर केली. त्याने पंचाहत्तरी गाठल्यावर बॅडबॅडनॉटगुड आणि हायेटस कायोटी या तरुण चमूंनी त्याच्याकडून संयोजन करून घेतलं.

ब्राझीलचाच गायक टॉम झे याची कथा आणखी चटका लावणारी. संगीतकार डेव्हिड बर्नला १९८६मध्ये रिओच्या दुकानात त्याची १९७६ची एलपी मिळाली. कव्हरवर काटेरी तार होती, म्हणून त्याने ती उचलली. तेव्हा टॉम झे सगळं सोडून गावी, इराराला, पुतण्याच्या पेट्रोल पंपावर कामाला जायच्या बेतात होता. १९९०मध्ये बर्नच्या कंपनीने त्याच्या गाण्यांचा संग्रह काढला आणि तो बेत बारगळला.

आपल्याकडेही हे घडलं आहे. मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये एचएमव्हीसाठी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग सिंथेसायझरवर वाजवले. कोणी विचारलं नाही. एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती एलपी दिल्लीत सापडली आणि २०१०मध्ये त्याने ती पुन्हा काढली. उतारवयात सिंग परदेशांतल्या मंचांवर तेच राग वाजवू लागले. २०१५मध्ये ते गेले.

तेव्हा घरातल्या जुन्या रेकॉर्डी रद्दीत द्यायच्या असतील तर खुशाल द्या, पण आधी प्रत्येकीच्या कव्हरची मागची बाजू, लेबल आणि मधल्या पट्टीतला नंबर यांचे फोटो काढून ठेवा. आणि झिजलेल्या सुईवर वाजवून बघू नका, एका फेरीत चर खराब होतात.