‘इन्स्टॉल होत नाही’ म्हणजे नेमके काय होत नाही?

घरच्या संगणकावर नवा प्रोग्रॅम घालायचा असतो. फाइल डाउनलोड केलेली असते. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की खिडकी उघडते, पट्टी पुढे सरकू लागते आणि मध्येच थांबते. इंग्रजीत एक-दोन ओळी, सोबत एखादा लांबलचक आकडा आणि खाली ‘ओके’चे बटण. बहुतेक जण ते बटण दाबतात, पुन्हा पहिल्यापासून तेच करून पाहतात आणि तिसऱ्या वेळी ‘आमच्या संगणकावर हे चालत नाही’ म्हणून सोडून देतात. काही जण संगणक दुरुस्तीला नेतात. तेथे पुष्कळदा ‘फॉरमॅट मारून’ सगळे नव्याने घालून मिळते. प्रोग्रॅम चालू लागतो, पण तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका, गुणपत्रके आणि मुलांच्या कामाची छायाचित्रे त्यात पुसली जातात.

वास्तविक त्या दोन ओळी आणि तो आकडा हाच या सगळ्यातला सर्वांत उपयोगाचा भाग असतो. म्हणून पहिले काम हे, की ‘ओके’ दाबण्याआधी तो मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे. तो वाचायचा कसा, हे या लेखात पाहू.

एक शब्द, कामे अनेक

भूमितीच्या तासासाठी आपल्याला जिओजेब्रा घालायचा आहे असे समजा. इन्स्टॉल करताना पुढील कामे होतात. दाबून लहान केलेले गाठोडे सोडवले जाते. संगणक या प्रोग्रॅमसाठी योग्य आहे का, हे तपासले जाते. फायली ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, ‘हा प्रोग्रॅम अमुक ठिकाणी आहे’ अशी नोंद होते. शेवटी पडद्यावर चिन्ह येते.

यांपैकी कोणत्याही पायरीवर अडले तरी आपण म्हणतो एकच : ‘इन्स्टॉल होत नाही.’ ‘गणित येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाची अडचण हातच्यात आहे की पाढ्यात, हे आपण आधी शोधतो. तसाच येथेही पहिला प्रश्न ‘कोणत्या पायरीवर अडले?’ हाच हवा.

फाइल पूर्ण आली का?

पट्टी सुरू होताच ‘फाइल खराब आहे’ अशा अर्थाचा संदेश आला, तर डाउनलोड अर्धवट झाल्याची शक्यता मोठी. संकेतस्थळावर दिलेला फाइलचा आकार आणि आपल्याकडचा आकार ताडून पाहणे ही सोपी चाचणी. याहून पक्की चाचणीही आहे आणि ती आपल्या ओळखीची आहे.

३४७ × २६ = ९०२२ हे उत्तर आपण नवाच्या ताळ्याने तपासतो. ३४७ चा ताळा ५, २६ चा ८; ५ × ८ = ४०, त्याचा ४; आणि ९०२२ चाही ४. ताळा जुळला. पण चुकून ९२०२ लिहिले असते तरी तो जुळलाच असता, कारण आकड्यांची अदलाबदल या ताळ्याला कळत नाही. संगणकाच्या फाइलींसाठी याहून कितीतरी कडक ताळे वापरतात. त्यांतला एक ‘शा-२५६’. फाइल कितीही मोठी असो, त्याचे उत्तर २५६ बिटांचे, म्हणजे षोडशमान पद्धतीत ६४ अक्षरी येते. मूळ फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी हे उत्तर पार निराळे होते. अनेक मुक्त प्रोग्रॅमांची संकेतस्थळे फाइलशेजारी हा ताळा छापतात. आपल्या फाइलचा ताळा काढण्याची सोय विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आहे. जुळला नाही, तर पुढची कोणतीही खटपट व्यर्थ. फाइल पुन्हा डाउनलोड करावी.

डाउनलोडच होत नसेल, ‘प्रमाणपत्र वैध नाही’ असे येत असेल, तर आधी संगणकाची तारीख पाहा. बऱ्याच जुन्या संगणकांत बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी, ३ व्होल्टची बटण-बॅटरी असते. ती संपली की संगणक दर वेळी एखाद्या जुन्या तारखेवर जागा होतो. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. संगणकाच्या मते आज २०१० साल असेल, तर प्रमाणपत्र त्याला भविष्यातले वाटते आणि तो ते नाकारतो. उपाय : तारीख दुरुस्त करणे आणि बॅटरी बदलणे.

आकड्याचे कोडे

आता त्या लांबलचक आकड्याकडे वळू. ‘शून्य-एक्स’ या दोन चिन्हांनी सुरू होणारा आकडा षोडशमान पद्धतीतला असतो, एवढाच त्या दोन चिन्हांचा अर्थ. त्यापुढे ८००७००७० असे आले आहे असे समजा. सुरुवातीचे ८००७ हे ‘चूक झाली आहे आणि ती विंडोजच्या नेहमीच्या यादीतली आहे’ एवढेच सांगतात. खरी माहिती शेवटच्या चार स्थानांत असते. षोडशमान ७० म्हणजे ७ × १६ + ० = ११२. विंडोजच्या यादीत ११२ क्रमांकाची चूक आहे ‘डिस्क भरली’. शेवटी ०००५ असेल तर ती पाचव्या क्रमांकाची चूक, ‘परवानगी नाही’. आठवी-नववीच्या मुलांना संख्यापद्धती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

डिस्क भरल्याचा संदेश आला की ‘प्रोग्रॅम तर ३०० एमबीचाच आहे’ असे आपण म्हणतो. पण दाबलेले गाठोडे, ते सोडवताना लागणारी तात्पुरती जागा आणि सोडवलेल्या फायली अशी तिहेरी जागा काही काळ लागते. तीही बहुधा ‘सी’ ड्राइव्हवर. ‘डी’ रिकामा असून उपयोग होत नाही.

कधी जागा असूनही फाइल मावत नाही. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर २० जीबी मोकळी आहे आणि तरी ५ जीबीची एक फाइल जात नाही. असे का? पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ पद्धतीने आखलेला असेल, तर प्रत्येक फाइलच्या आकाराची नोंद ३२ बिटांत होते. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्यामुळे ४ जीबी किंवा त्याहून मोठ्या फाइलचा आकार त्या रकान्यात लिहिताच येत नाही. गोदाम मोठे, पण पावतीवर आकडा लिहायची जागा अपुरी, असा हा प्रकार.

परवानगीचे कारण वेगळे आहे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरात चालू असलेल्या प्रोग्रॅमला मुख्य फोल्डरांत लिहिता येत नाही; ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ची संमती लागते. हे बंधन त्रासाचे वाटले तरी विषाणूंनाही तेच अडवते. म्हणून संमती द्यावी, पण फाइल मूळ संकेतस्थळावरचीच आहे याची खात्री करून.

मराठी नावाची अडचण

काही घरांत संगणकावरील खात्याचे नाव हौसेने देवनागरीत ठेवलेले असते. विंडोज त्याच नावाचे फोल्डर बनवते आणि तात्पुरत्या फायली त्याच्या पोटात ठेवते. नवे प्रोग्रॅम युनिकोड वापरतात. त्यांना हे नाव वाचता येते. जुन्या धाटणीचे काही इन्स्टॉलर मात्र एका अक्षराला एकच बाइट धरतात. त्यांच्या अक्षरयादीत देवनागरी नसते. नावाच्या जागी त्यांना प्रश्नचिन्हे दिसतात आणि ‘फोल्डर सापडत नाही’ असा संदेश येतो. येथे खात्याचे दिसणारे नाव बदलून भागत नाही, कारण फोल्डरचे नाव तेच राहते. रोमन अक्षरांत नाव असलेले दुसरे खाते उघडून तेथून इन्स्टॉल करून पाहावे.

शेजाऱ्यावर अवलंबून

प्रोग्रॅम इन्स्टॉल झाला, पण उघडताना ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ असे आले तर? दहावीच्या पुस्तकातल्या सिद्धतेत ‘मागील इयत्तेतील प्रमेयानुसार’ असे लिहून पुढे जातात. ते प्रमेय पुन्हा सिद्ध करत नाहीत. प्रोग्रॅमही तसेच करतात. नेहमी लागणारी कामे डीएलएल नावाच्या सामायिक फायलींत असतात आणि अनेक प्रोग्रॅम त्या वापरतात. मागच्या इयत्तेचे पुस्तकच घरात नसेल तर सिद्धता अडते.

यावर ‘हरवलेली’ एकच फाइल कोठल्याशा संकेतस्थळावरून आणून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. ती कोणत्या आवृत्तीची आहे आणि तिच्यात आणखी काय दडवले आहे हे कळत नाही. नावात ‘व्हीसी-रनटाइम-१४०’ असे काही असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ नावाचा पूर्ण संच विनामूल्य मिळतो, तो घालावा.

संगणकाचा प्रकारही पाहावा. ६४ बिटांचा प्रोग्रॅम ३२ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. उलट मात्र सहसा चालते. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि अनेक नवे प्रोग्रॅम तिच्यावर बसत नाहीत. अशा वेळी प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती त्याच्याच मूळ संकेतस्थळावर मिळते का ते शोधावे.

१६०३ आणि १६१८

विंडोज इन्स्टॉलरचा १६१८ हा आकडा सांगतो, की दुसरे एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. ते संपेपर्यंत थांबावे किंवा संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. पुन्हा सुरू करण्यामागे कारण आहे : वापरात असलेली फाइल विंडोज सहसा बदलू देत नाही, संगणक सुरू होताना ती मोकळी असते आणि राहिलेली अदलाबदल तेव्हा पुरी होते.

१६०३ मात्र केवळ ‘इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली’ एवढेच म्हणतो. ‘पोटात दुखते’ म्हणण्यासारखे हे आहे. कारण आत शोधावे लागते. अनेक इन्स्टॉलर प्रत्येक पायरी एका मजकूर-फाइलमध्ये, म्हणजे ‘लॉग’मध्ये, लिहून ठेवतात. ती बहुधा ‘टेम्प’ फोल्डरमध्ये असते. तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे इंग्रजी शब्द शोधावेत. ते जेथे पहिल्यांदा सापडतील, त्याच्या लगेच वरच्या ओळींत खरे कारण बहुधा दिसते. एवढे मोठे लिखाण पाहून घाबरू नये. आपल्याला त्यातल्या पाच-दहा ओळीच हव्या असतात.

एका वेळी एकच बदल

घाईत आपण अँटिव्हायरस बंद करतो, फाइल पुन्हा आणतो, जुनी आवृत्ती काढतो, सगळे एकदम. प्रोग्रॅम चालला तरी कशाने चालला ते कळत नाही, आणि अँटिव्हायरस बंदच राहून जातो. त्यापेक्षा वहीत चार रकाने आखावेत : काय दिसले, काय कारण असेल, कोणता एक बदल केला, पुढे काय झाले. बदलाने फरक पडला नाही, तर तो मागे घेऊन दुसरा करावा. लंबकाचा प्रयोग करताना दोऱ्याची लांबी आणि गोळ्याचे वजन आपण एकाच वेळी बदलत नाही, ते याच कारणाने. आणि खटपट सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच, तर हीच वही सोबत द्यावी. फॉरमॅट करण्याची गरज पुष्कळदा तेथेच टळते.

शाळेत संगणक असेल तर एक तास यासाठी द्यावा. एक लहान फाइल, समजा एका परिच्छेदाची, मुलांना द्या. तिचा शा-२५६ ताळा फळ्यावर लिहा. मग एका गटाला फक्त एक स्वल्पविराम काढून टाकायला सांगा आणि नवा ताळा पहिल्याखाली लिहा. ६४ पैकी किती अक्षरे जागच्या जागी राहिली, ते मुलांनाच मोजू द्या.